गुळपोळीच्या दिवसांत

पहाटे ३:५०

कर्वेनगरच्या या गल्लीत एवढ्या पहाटे एकाच खिडकीत उजेड असतो. खाली शटर, शटरमागे पोळी-भाजी केंद्र, वर दोन खोल्या. केंद्र चालवणाऱ्या ताई स्टुलावर बसून कॉफी पितायत. सोबत दोन खजूर. उभ्यानं कॉफी प्यायची त्यांची वीस वर्षांची सवय, पण गेला आठवडाभर त्या बसून पितात. बसून जमेल ते सगळं बसून करायचं, असा या महिन्याचा नियम आहे.

फ्रिजच्या दारावर एक कागद आहे. सोळा आठवड्यांचा तक्ता. झालेल्या दिवसांवर पेनानं काट मारलीय. शेवटच्या चौकोनात १८ जानेवारी, मुंबई मॅरेथॉन. आज गुरुवार, ८ तारीख. आजच्या चौकोनात लिहिलंय: २ हलके, ८ मॅरेथॉनच्या वेगानं, २ हलके.

त्याच मॅग्नेटखाली दुसरा कागद आहे, गुळपोळ्यांच्या ऑर्डरींचा. नावं, नग, कधी न्यायच्या ती तारीख. खाली लाल पेनानं बेरीज: ९४०. संक्रांत बुधवारी, १४ ला. मॅरेथॉन त्यानंतर चौथ्या दिवशी. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे संक्रांत दर वर्षी तिच्या तोंडावर येते. पळणाऱ्यांनी पाय राखायचे दिवस आणि गुळपोळ्या लाटायचे दिवस एकच.

४:३५

थंडी चांगलीच आहे. कानटोपी, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, वर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. जाकीट साडेचारशेचं. मनगटावरचं घड्याळ पळणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या एकाकडून जुनं घेतलेलं, पाच हजारांना. बूट सेलमध्ये घेतले, सहा हजार दोनशेला. असे दोन जोड आहेत. एक रोजचा, एक फक्त लांबच्या आणि वेगाच्या दिवसांचा. आज दुसरा निघालाय. बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन, अंगठ्याला चिकटपट्टी. नाडीची गाठ दुहेरी.

कोपऱ्यावर दोन मैत्रिणी उभ्या आहेत. एक बँकेत, एक शाळेत शिकवते. अंधारात एकटीनं पळायचं नाही हे तिघींनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. गल्लीतली कुत्री आता ओळखीची झालीत. आजचा दिवस ताईंसोबत असलेला मी स्कूटरवर, डिकीत पाण्याच्या तीन बाटल्या.

राजाराम पुलापर्यंतचे दोन किलोमीटर गप्पांच्या वेगानं. गप्पा परवाच्या अंगारकीच्या. मंगळवारी ताईंच्या केंद्रात दिवसभर साबुदाण्याची खिचडी होती आणि संध्याकाळी उकडीचे मोदक. चंद्रोदय होईपर्यंत गिऱ्हाईक येत होतं. रात्री दहाला त्यांनी पोटऱ्या दाबून पाहिल्या तर बोट रुतत होतं.

४:५०

राजाराम पूल ते म्हात्रे पूल, नदीकाठचा डीपी रोड. सपाट रस्ता, या वेळी रिकामा. दोन्ही बाजूंना लग्नांची लॉन्स. पौष महिना आहे, लग्नं नाहीत, त्यामुळे सगळी लॉन्स अंधारात. ताई घड्याळाचं बटण दाबतात आणि गप्पा थांबतात.

आता आकडे सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर चाललंय. ताईंचं वय अठ्ठेचाळीस, आणि मुंबईत त्यांना बॉस्टनची पात्रता मिळवायचीय. बॉस्टन मॅरेथॉनसाठी ४५ ते ४९ वयोगटातल्या बाईला पात्र ठरायचं तर ४२.१९५ किलोमीटर ३ तास ४५ मिनिटांत पळावे लागतात. तेवढ्यानं भागत नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त येतात, मग जास्त वेगवान असतील ते आधी घेतात. २०२६ च्या बॉस्टनला पात्रतेच्या वेळेहून निदान ४ मिनिटं ३४ सेकंद लवकर आलेल्यांनाच जागा मिळाली. म्हणून ताईंच्या डोक्यात ३:४५ नाहीच. ३:३८ आहे. म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं १० सेकंद, बेचाळीस वेळा, आणि वर थोडं.

आणखी एक बारकावा त्यांनीच मला समजावला. गर्दीत डावं-उजवं करताना, वळणं बाहेरून घेताना, आपण मोजलेल्या मार्गापेक्षा जास्त पळतो. शेवटी घड्याळ बेचाळीसच्या वर चार-पाचशे मीटर जादाच दाखवतं. म्हणून घड्याळावरचा वेग हव्या त्या वेगापेक्षा दोन-तीन सेकंदांनी चढा ठेवायचा. माप चोख ठेवायची त्यांना सवयच आहे. किलोभर कणकेत किती पोळ्या बसतात ते त्या परात बघून सांगतात.

पहिला किलोमीटर ५:१२. दुसरा ५:०९. मी म्हात्रे पुलाच्या टोकाला थांबलोय. आधी पावलं ऐकू येतात, मग पट्ट्या चमकतात. तिघींपैकी ताईंची पावलं ओळखू येतात. आवाज फार कमी. पाय आपटत नाहीत, ठेवतात.

डेक्कन जिमखाना इथून लांब नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानातले पळणारे पाठवायचा खटाटोप तिथल्या शर्यतींतून सुरू झाला. दोराबजी टाटांनी तो उचलून धरला. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्यातून निवडले गेले. अँटवर्पची मॅरेथॉन त्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरी केली, एकोणिसावे आले. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, आजच्याहून अर्धा किलोमीटर जास्त. शंभर वर्षांपूर्वी, त्या बुटांत, त्या रस्त्यांवर. मला या माणसाचं फार अप्रूप वाटतं. पुण्यात पहाटे पळणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं नाव माहीत असायला हवं.

पाचवा ५:०८. सहावा ५:०४. ताई स्वतःशीच मान हलवतात, हात खाली सोडून खांदे सैल करतात. सातवा ५:१०.

५:३०

आठवा संपला. एकूण ४१ मिनिटं १२ सेकंद. ताई कमरेवर हात ठेवून वाकत नाहीत, चालत राहतात. श्वास मिनिटभरात जागेवर येतो. बाटलीतलं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट.

“सहावा जास्त झाला,” त्या म्हणतात. “पाय हलके वाटले की असं होतं. मुंबईत असं केलं तर तिसाव्याला भरावं लागतं.”

गेल्या वर्षी भरलं होतं. संक्रांतीच्या सातशे गुळपोळ्या त्यांनी आणि केंद्रातल्या मावशींनी दोघींनीच उरकल्या होत्या. चार दिवस रोज चौदा तास उभं. मॅरेथॉनला तीस किलोमीटरपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे, मग दोन्ही पोटऱ्यांत गोळे. शेवटचे बारा किलोमीटर पळत-चालत. वेळ ३:५१:४०. सरावात काही कमी नव्हतं. बत्तीस-बत्तीस किलोमीटरचे तीन रविवार झाले होते. कमी पडली ती त्यानंतरची विश्रांती.

६:०५

आंघोळ करून खाली. शटर अर्धं वर. मावशी वारज्याहून आल्यात, वय बासष्ट. केंद्र सुरू झालं त्या वर्षापासून इथे आहेत. महिना अकरा हजार, सकाळचे सहा तास. दुसरी, चिरायला आणि डबे भरायला येणारी मुलगी, साडेसात हजार. आणि आजपासून तिसरी. दहा दिवसांसाठी, रोजचे सहाशे. ८ तारीख ते १७.

“सहा हजार झाले,” मी म्हणतो.

“बुटांइतके,” ताई म्हणतात. “बूट घेताना विचार नाही केला. मग पाय घेताना कशाला करायचा?”

मावशी कणीक तिंबतायत. मोठी परात, सात किलो पीठ. घडीची पोळी असल्यानं उंडा, लाटी, तेलाचं बोट, घडी, पिठी, पुन्हा लाटणं. दोन शेगड्यांवर दोन तवे. एरवी एका तव्यावर ताई असतात. आज तिथे नवी बाई आहे आणि ताई स्टुलावर बसून मटकी निवडतायत. त्यांना ते जड जातंय हे दिसतं. नवीचा तवा जास्त तापला की यांचा हात आपोआप पुढे येतो. पोळी फुगली नाही की मान वर होते. दोनदा उठल्या. तिसऱ्यांदा मावशींनी लाटण्यानं स्टूल दाखवलं.

७:४०

भाज्या तयार. मटकीची उसळ, फ्लॉवर-बटाटा, डाळ. बावन्न डबे. चार पोळ्या, भाजी, आमटी-भात: नव्वद रुपये. सुटी पोळी नऊ रुपये. गेल्या वर्षी आठ होती. रुपया वाढवला तेव्हा तीन गिऱ्हाइकं तुटली. व्यवसायाचा गॅस सिलिंडर सतराशेच्या घरात, असे महिन्याला सात लागतात.

ताईंचे यजमान डबे स्कूटरला अडकवतात. कंपनीतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दोन खेपा, कोथरूड आणि एरंडवणे. पेट्रोलचा हिशेब त्यांच्याच वहीत, वेगळा.

चार शेगड्या चालू, एकच पंखा, आणि तोही तव्याची आच उडू नये म्हणून लांब. बाहेर लोक स्वेटर घालून फिरतायत आणि इथे मावशींच्या कपाळावरून घाम. मुंबईच्या दमट हवेचा त्रास होईल का, असं ग्रुपमधले सगळे एकमेकांना विचारत असतात. पुण्याच्या थंडीत सराव केलेल्यांना तो होतोच. ताईंना ती काळजी नाही. उन्हाची, घामाची सवय अंगाला व्हावी म्हणून लोक मुद्दाम दुपारी पळतात. त्यांनी या खोलीत बारा वर्षं घालवलीत.

“कधीये गं ती तुझी शर्यत?” मावशी विचारतात.

“अठराला. रविवारी.”

मावशी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघतात. “अमावास्या आहे की.”

“पहाटे पाचला सुटते मावशी. अमावास्या काय नि पौर्णिमा काय, अंधारच.”

मावशी थोडा वेळ गप्प लाटतात. मग म्हणतात, “निघताना दहीसाखर खाऊन नीघ.”

“दही नको. पोट बिघडलं तर? नुसती साखर दे.”

११:००

डब्यांची गडबड संपली. आता गुळपोळी.

गूळ काल रात्रीच किसून ठेवलाय. चिक्कीचा गूळ चालत नाही, साधा लागतो, मऊ. यजमानांनी मार्केट यार्डातून आणला, वीस किलो. तीळ भाजून कुटलेले. दाण्याचं कूट, थोडी खसखस, तेलावर खमंग भाजलेलं बेसन, जायफळ-वेलदोडा. सगळं मळून एकजीव. त्यात खडा राहिला तर लाटताना पोळी तिथेच फाटते. म्हणून ताई डोळे मिटून मळतात. बोटांना कळतं, असं त्यांचं म्हणणं.

कणीक वेगळी. त्यात थोडा मैदा, चमचाभर बेसन आणि कडकडीत तेलाचं मोहन. गुळाची गोळी आणि कणकेची गोळी दाबून बघायची. दोन्ही सारख्याच मऊ हव्यात. गूळ घट्ट असेल तर मधेच राहतो, सैल असेल तर कडेनं पळतो.

कणकेच्या दोन छोट्या पाऱ्या, मधे गुळाची चपटी गोळी, कडा दाबून बंद. तांदळाच्या पिठीवर लाटणं. दाब मधे नाही, कडेकडे. गूळ पार कडेपर्यंत गेला पाहिजे, पण बाहेर आला नाही पाहिजे. पुण्यातलं गिऱ्हाईक कडेचा घास आधी मोडून बघतं. कोरडी कड लागली की पुढच्या वर्षी येत नाही. मंद आचेवर दोन्ही बाजू बदामी. तव्यावर जरा गूळ सांडला तर तो जळतो, आणि पुढच्या पोळीला काळा डाग. लगेच ओल्या फडक्यानं तवा पुसायचा. भाजलेल्या पोळ्या वर्तमानपत्रावर एकेक पसरायच्या, निवल्याशिवाय चळत लावायची नाही.

हे काम ताई दुसऱ्या कुणाला देत नाहीत. एक गुळपोळी चाळीस रुपये, नाव त्यांचं. पण आज ओट्याची रचना बदललीय. पोळपाट खाली आलाय, बुटक्या टेबलावर. ताई खुर्चीत बसून लाटतात. भाजायला नवी बाई उभी. बसून लाटताना खांद्यातून जोर येत नाही, मनगटावर येतो. तासाला तीस व्हायच्या, आज बावीस-तेवीस होतायत.

“मनगट दुखलं तर दुखू दे,” त्या म्हणतात. “मनगटानं पळत नाही मी.”

आजच्या ऐंशी. त्यातल्या चाळीस परदेशी जायच्या, एका आजींच्या नातवाकडे. गुळपोळी आठ-दहा दिवस सहज टिकते.

१:१५

शटर खाली. जेवण: दोन पोळ्या, उसळ, भात, ताक. मग ताई वर येतात, जमिनीवर सतरंजी टाकतात, कंबर भिंतीला लावून पाय भिंतीवर सरळ वर करतात. वीस मिनिटं. मोबाईलला गजर लावलेला. डोळे मिटलेले, पण झोप नाही.

“हेच सगळ्यात अवघड,” त्या डोळे न उघडता म्हणतात. “बत्तीस किलोमीटर पळायला सांगा, पळते. पडून राहायला सांगितलं की डोक्यात नुसत्या ऑर्डरी.”

टेपर म्हणतात याला. शेवटचे दोन-तीन आठवडे पळणं निम्म्यावर आणायचं, वेग मात्र सोडायचा नाही. डिसेंबरात ताई आठवड्याला ७८ किलोमीटर पळत होत्या. या आठवड्यात ४४, पुढच्यात शर्यतीआधी जेमतेम २०. आता पळून ताकद वाढत नाही, थकवा तेवढा वाढतो. साचलेला थकवा उतरला की खालची ताकद वर येते. कागदावर हे सोपं आहे. ज्यांची नोकरी खुर्चीतली असते त्यांना टेपरमध्ये फक्त कमी पळायचं असतं. ताईंना उभं राहणंही कमी करावं लागतं, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी पैसे देऊन उभं करावं लागतं.

खालून शटर वाजतं. कुणीतरी पोळ्या मागतंय. ताईंचे पाय भिंतीवरून हलतात. बाहेरच्या खोलीतून यजमानांचा आवाज: “पड तू. मी बघतो.”

पाय परत वर.

३:००

हिशेब. वही मांडीवर. तीळ सव्वादोनशे रुपये किलो, सहा किलो. डबे-पिशव्या सातशे. मग वहीचं मागचं पान. तिथे मुंबईचा खर्च. शनिवारी सकाळी डेक्कन क्वीन, जाऊन आधी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायचा. मुक्काम दादरला नणंदेकडे, म्हणजे हॉटेलचे पैसे वाचले. पळताना खायची चार जेल, एकेक सव्वाशेचं. सरावात त्या जेल घेत नाहीत, खजूर आणि चिक्कीवर भागवतात. पण पोटाला सवय हवी म्हणून शेवटच्या दोन लांब पळण्यांत एकेक घेऊन पाहिलं. कोचची फी महिना पंधराशे.

बॉस्टनसाठी पान नाही.

“पासपोर्टसुद्धा नाही माझा,” त्या म्हणतात. “त्याचे दीड हजार. मग व्हिसा, तिकीट. सप्टेंबरात अर्ज घेतात, तेव्हाचं तेव्हा. आधी वेळ लागू दे. पात्र ठरणं माझ्या हातात आहे. जाणं नाही.”

हे बोलताना आवाजात कुठेही खंत नव्हती. मी नीट ऐकत होतो.

४:३०

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चवडे टेकून टाचा वर-खाली, बारा-बारा दोनदा. उताणं पडून कंबर उचलणं. दहा मिनिटांत संपवलं. महिन्यापूर्वी हातात पाच-पाच लिटरचे तेलाचे डबे असायचे. आता नुसती हालचाल.

६:१५

संध्याकाळची पाळी लहान असते. दीडशे पोळ्या, दोन भाज्या. वसतिगृहाच्या मुली येतात, घोळक्यानं.

“काकू, धावताना तुमचं लोकेशन दिसतं ना? लिंक पाठवा, आम्ही उठतो पाचला.”

“तुम्ही? पाचला?”

“तुमच्यासाठी काकू.”

ताई हसतात आणि तिच्या डब्यात एक पोळी जास्त टाकतात. एका आजोबांना गुळपोळ्या आजच हव्यात, ऑर्डर न देता. सहा. ताई मोजून चार देतात. कुणाला निराश परत पाठवत नाहीत, पण यंदा यादी ९४० ला बंद केलीय. मागच्या सोमवारपासून त्यांनी नव्वद-एक पोळ्यांना नाही म्हटलंय. तीन हजार सहाशे रुपये. हाही आकडा वहीच्या मागच्या पानावर आहे, जेलच्या खाली.

सात वाजता यजमान तव्यापाशी उभे. त्यांना आज गुळपोळी भाजायला शिकवणं चाललंय. रविवार-सोमवारचा लोट आला तर एक हात जास्त असावा म्हणून. पहिली उलटताना मोडली. दुसरीचा गूळ तव्यावर. तवा पुसला. तिसरी जरा करपली, पण अख्खी. चौथी ताईंनी उचलून उजेडात धरली, कडेकडेनं फिरवून पाहिली आणि काही न बोलता वर्तमानपत्रावर, विकायच्या ओळीत ठेवली.

८:१०

जेवण. मऊ भात, आमटी, तूप, बटाट्याच्या काचऱ्या. खाण्याचंही वेळापत्रक आहे. शेवटचे तीन दिवस, म्हणजे गुरुवार १५ पासून, भाकरी, पालेभाजी, कोंड्याचं सगळं बंद. भात, पोहे, बटाटा, केळं, साखर. पायांत इंधन भरायचं आणि पोट हलकं ठेवायचं. भोगी मंगळवारी आहे म्हणून वाचली. बाजरीची भाकरी, तीळ लावून, लोणी आणि भोगीची भाजी, हे ताई सोडणार नव्हत्याच. कोचला तसं सांगूनही टाकलंय.

मोडलेली पहिली गुळपोळी ताटात आहे. वर तूप. दोघं अर्धी अर्धी खातात.

९:१५

मटार सोलून झाले. दहा किलोमधले शेवटचे दोन, टीव्हीसमोर, बसून. उद्याची मटकी मोड आणायला फडक्यात बांधली. दुपारसारखे पाय पुन्हा एकदा भिंतीवर, दहा मिनिटं. मग अंगठ्यानं पोटरी दाबून बघितली. मंगळवारी रुतत होतं, आज बोट उचललं की खड्डा राहत नाही. त्यांनी मलाही दाखवलं.

फ्रिजवरच्या तक्त्यात ८ तारखेवर काट. ९ तारखेच्या चौकोनात एकच शब्द आहे: विश्रांती. ताई मोबाईल घेऊन गजर बदलतात. ३:५० पुसून ५:१५. नव्या बाईला सहाला यायला सांगितलंय, कणीक तिंबायला मावशी आहेत.

मग थोडा विचार करून त्या ५:१५ चं ५:३० करतात.